एक खूर पडत नाही

मल्लप्पाला गर्व एकाच गोष्टीचा होता आणि तो त्यानं कधी लपवला नाही. कारहुणवीपासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत शिरगुंडीच्या माळावर एक खूर पडत नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ऐकवायचा, अक्कलकोटच्या बाजारात लसूण निवडता निवडता ऐकवायचा. एकदा डॉक्टर "जीभ दाखवा" म्हणाला, तर यानं आधी माळाची हकिकत सांगितली आणि मग जीभ बाहेर काढली. गाव हसायचं. पण हसता हसता त्याचं ऐकायचंही, कारण त्या न पडलेल्या खुराच्या जोरावरच गावातली ढोरं उन्हाळा काढायची.

शिरगुंडी अक्कलकोटच्या खाली, कर्नाटकाच्या अंगाला. इथल्या बायका कन्नडात भांडतात आणि मराठीत समजूत घालतात. गावाच्या उत्तरेला तीनशे चाळीस एकरांचा माळ आहे. सरकारी कागदावर तो गायरान, गावाच्या तोंडी नुसताच माळ. ज्येष्ठाच्या पौर्णिमेला, म्हणजे कारहुणवीला, बैलांची मिरवणूक संपली की माळाच्या तोंडाशी असलेल्या उभ्या दगडाला कडुनिंबाचा डहाळा बांधतात. याला माळ बांधणं म्हणतात. मग पावसाळाभर तिकडं कुणी जनावर न्यायचं नाही. पवन्या आणि मारवेल गवत कमरेएवढं वाढतं, फुलोऱ्यावर येतं, बी खाली झडतं आणि मगच पाडव्याच्या सकाळी तो वाळका डहाळा काढून माळ सोडतात. गावातली सगळ्यांत म्हातारी गाय पहिली आत जाते, बाकीची तिच्या मागून. तिथून पुढच्या कारहुणवीपर्यंत चारशे जनावरं आणि कोंडीबा धनगराची मेंढरं त्या वाळल्या गवतावर जगतात. बी झडायच्या आधी चरू दिलं तर दोन-तीन वर्षांत नुसता मुरूम उरेल, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

राखण मल्लप्पाच्या घरात तीन पिढ्यांची. त्याची स्वतःची एकतीस वर्षं झाली होती. मोबदला म्हणून घरटी एक पायली ज्वारी, आणि वर शिव्या. कोंडीबाची मेंढरं त्यानं दोनदा कोंडवाड्यात घातली होती आणि तेव्हापासून दोघं समोरासमोर आले की एकजण थुंकायचा आणि दुसरा खाकरायचा. पण त्याचं खरं नाव झालं ते मेहुण्यामुळं. चार वर्षांपूर्वीच्या कोरड्या भादव्यात काशम्माचा भाऊ ईरण्णा शेजारच्या गावातून पाच म्हशी घेऊन आला. दाजी आपल्याला नाही म्हणणार नाहीत, असा त्याचा हिशेब. दाजींनी पाचही म्हशी कोंडवाड्यात घातल्या आणि चार माणसांसमोर मेहुण्याकडून चूक कबूल असल्याचं लिहून घेतलं. त्यानंतर ईरण्णा भाऊबीजेला आला नाही. काशम्मा दर वर्षी ओवाळणीचं ताट करते आणि दुपार टळली की त्यावर फडकं टाकते. नवऱ्याला ती याबद्दल एक शब्द बोलली नाही, आणि मल्लप्पाला वाटायचं की तिला ते पटलंय.

यंदाच्या भादव्यात एक पोरगी स्कूटीवरून आली. पाठीला सॅक, हातात टॅब, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. सोबत सरपंच श्रीशैल होता. श्रीशैलकडं दोन जेसीबी आणि एक पांढरी गाडी. वयानं पस्तिशीचा, बोलायला गोड.

"मामा, ही अंकिता म्याडम. वनश्वास संस्थेच्या. माळाची माहिती पायजे त्यांना," तो म्हणाला. "झाडं लावायचीत. पर्यावरणाचं काम हाय."

झाडं म्हणजे रस्त्याकडेनं दोन-चार रांगा, असं मल्लप्पाला वाटलं. माळाबद्दल कुणी आपणहून विचारायला आलं, याचाच त्याला आनंद. श्रीशैल कामाचं निमित्त करून गेला आणि मल्लप्पानं त्या पोरीला दगडापासून पार ओढ्यापर्यंत फिरवलं. कोणतं गवत पवन्या, कोणतं मारवेल, कुसळी पायजम्यात कशी घुसते, टिटवी अंडी कुठं घालते, सगळं दाखवलं. पोरगी गुणाची होती. ऐकून घेत होती, मधूनमधून पाणी पीत होती.

"तू कुटली गं?"

"करकंबची, आजोबा. पंढरपूरजवळ. आमच्याकडं सगळा ऊसच. असा माळ मी पहिल्यांदाच बघतेय."

"मग तुला सगळंच सांगावं लागंल," मल्लप्पा म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तासभर तो बोलला. शेवटी तिनं टॅब उघडला.

"आजोबा, आता व्हिडिओ घेते. तीस सेकंदांचाच अपलोड होतो, तेवढ्यात बोला. प्रश्न असा आहे: इथं सध्या जनावरं चरतात का?"

मल्लप्पानं टोपी सारखी केली, छाती पुढं काढली आणि आयुष्यात जे वाक्य हजारदा बोलला होता ते बोलला. "हितं एक खूर पडत न्हाय! गाय न्हाय, म्हस न्हाय, कोंडीबाचं मेंढरू न्हाय. मी मल्लप्पा, एकतीस वर्सं हितली राखण करतो. कुणाची टाप हाय आत यायची? सख्ख्या मेव्हण्याला सोडला न्हाय मी! आता पाडव्याला..."

"झालं आजोबा. छान झालं."

"पाडव्याचं ऱ्हायलं की."

"ते मी लिहून घेते," अंकिता म्हणाली, आणि तिनं खरंच वहीत काहीतरी लिहिलंही.

मग तिनं सॅकमधून ड्रोन काढला. तो भुणभुणत वर गेला, तशी टिटव्या ओरडत उठल्या आणि बराच वेळ खाली उतरल्या नाहीत. ड्रोनची सावली गवतावरून पळत गेली, दगडावरून गेली, मल्लप्पाच्या अंगावरून गेली. त्याला उगीच शहारून आलं. पण नंतर तिनं पडद्यावर फोटो दाखवला आणि तो हरखला. हिरवागार माळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यात एका जनावराचा ठिपका नाही. एकतीस वर्षांचं काम त्यानं असं वरून कधी बघितलं नव्हतं. त्यानं तो फोटो तीनदा बघितला.

आठ दिवसांनी माळावर पांढऱ्या खुंट्या दिसल्या. प्रत्येकीवर लाल आकडा. कुणी ठोकल्या, कधी ठोकल्या, कळलं नाही. मल्लप्पानं दोन उपटल्या. दुसऱ्या दिवशी तिथं चार होत्या. पुढच्या आठवड्यात ओढ्याच्या अंगाला श्रीशैलच्या जेसीबीनं खड्डे घेतले. कमरेएवढे खोल, ओळीनं, सगळे एका मापाचे. ड्रायव्हर म्हणाला, नमुन्याचे हायत. पाऊस पडला, खड्ड्यांत पाणी साचलं आणि त्यात टिटवीची दोन पिल्लं मेलेली मिळाली. मल्लप्पानं ती काढून बांधाखाली पुरली. घरी येऊन जेवला नाही.

नवरात्र संपलं आणि टेंभुर्णीचा व्यापारी पिकअप घेऊन गावात आला. जनावरांचे व्यापारी शिरगुंडीत येतात ते चैत्र-वैशाखात, तेही दुष्काळ असला तर. हा दिवाळीच्या तोंडावर आला आणि घरोघर गोठ्यात डोकावत फिरला. मल्लप्पाच्या दारात थांबून त्यानं कावेरीच्या पाठीवर हात फिरवला. कावेरी त्याची गाय. बावीस वर्षांची, गावात सगळ्यांत म्हातारी. यंदा माळ सुटल्यावर पहिली आत जायचा मान तिचा होता.

"ही विकायची न्हाय," मल्लप्पा म्हणाला. "आणि आत्ताच कशाला आलायस? पाडव्याला माळ सुटंल."

व्यापारी हसला नाही. "अण्णा, मला काय बी म्हाईत न्हाय," तो म्हणाला. "मला सांगितलं, शिरगुंडीत ढोरं निघतील, जा. म्हणून आलो."

"कुणी सांगितलं?"

"धंद्यात कळतं की," तो म्हणाला आणि पुढच्या घरी गेला.

मल्लप्पा तसाच पंचायतीत गेला. सूचनाफलकावर पोलिओच्या पोस्टरच्या खाली एक कागद होता. पोस्टर वर करून धरून, अक्षर अक्षर लावून त्यानं तो वाचला. चौथी शिकलेला माणूस. त्याला अर्धा तास लागला. सदर गायरान क्षेत्र पडीक असून चराईच्या वापरात नाही, असं त्यात लिहिलं होतं. पुरावा म्हणून मागच्या तीन वर्षांची, दर सप्टेंबरातली उपग्रहाची छायाचित्रं, आणि 'स्थानिक राखणदाराची चित्रित जबानी'. सबब हे क्षेत्र शाश्वत विकासाच्या वृक्षलागवड प्रकल्पासाठी चाळीस वर्षांच्या करारानं देण्याचं योजलं आहे. कुणाची हरकत असल्यास शाळेत सुनावणी. तारीख पाच दिवसांवर होती.

राखणदार म्हणजे आपण, हे समजायला त्याला कागद दुसऱ्यांदा वाचावा लागला.

श्रीशैल पंचायतीतच होता. त्यानं मामांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावून सांगितलं. तिकडं थंड देशांत मोठ्या कंपन्या आहेत, विमानं उडवतात, सिमेंट करतात. त्यांचा धूर होतो. तो धूर कमी केला असं दाखवायचं तर कुठंतरी झाडं लावावी लागतात. ती इथं लागतील, पैसे ते देतील.

"धूर त्यांचा आणि माळ आमचा, व्हय रं?"

"मामा, गावाला हिस्सा मिळणार. शाळेला खोल्या. मी न्हाय म्हटलं तर शेजारच्या गावाला जाईल आणि आपण बसू टाळ्या वाजवत. आणि तितं हाय काय? गवत! तुमीच सांगितलं की, एक खूर पडत न्हाय म्हणून."

"पाडव्यापर्यंत पडत न्हाय! पाडव्यानंतर चारशे ढोरं..."

"ते व्हिडिओत न्हाय मामा," श्रीशैल हळू आवाजात म्हणाला. त्यालाही ते बोलताना बरं वाटलं नसावं, कारण त्यानं चहा तसाच ठेवला.

त्या पाच दिवसांत गावानं मल्लप्पाला काय काय ऐकवलं ते सांगत बसण्यात अर्थ नाही. विहिरीवर बायका त्याला बघून गप्प होत. पारावर एकानं मोबाईलवर तो व्हिडिओ लावला. तो आता गावभर फिरत होता. सख्ख्या मेव्हण्याला सोडला न्हाय मी, असं मल्लप्पा पडद्यावर छाती काढून म्हणत होता आणि खाली बसलेला मल्लप्पा आपल्या पायांकडं बघत होता. आपलं तोंड एवढं कसं सुटलं, याची त्याला लाज वाटत होती. आणि राग पण येत होता, की यात खोटं काय बोललो?

सुनावणीच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला कोंडीबा त्याच्या अंगणात आला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. थुंकला नाही. खांद्यावरचं घोंगडं खाली टाकून त्यावर बसला.

"उद्या आमी बोलणार हाय," तो म्हणाला. "आमची मेंढरं चरतात म्हणून सांगणार. पर साहेब तुझा व्हिडिओ लावंल. तुझ्या तोंडापुढं आमचं कोण ऐकतंय?"

"मग मी काय करू?"

"म्हणायचं, खोटं बोललो." कोंडीबा त्याच्याकडं न बघता बोलत होता. "म्हणायचं, माळ कधी बांधलाच न्हाय. ढोरं बारा महिने चरत होती. मी पैसं घेऊन सोडत होतो. ज्या तोंडानं माळ घालवलास, त्याच तोंडानं परत आण."

मल्लप्पा उठून उभा राहिला. "मी पैसं खाल्लं म्हणू? मी?"

"व्हय. तू."

"तू गेलास तर बरं," मल्लप्पा म्हणाला. कोंडीबानं घोंगडं उचललं आणि तो निघून गेला.

काशम्मा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तव्यावरची भाकरी तिनं उलटली आणि पाठमोरीच बोलली. "चार वर्सं झाली. माझा भाऊ माज्या दारात येईना. मी म्हटलं, जाऊ दे, माझा नवरा धर्मानं राखण करतो. लोक नाव घेतात. तेवढ्यावर मी चार भाऊबिजा काढल्या." तिनं परातीतलं पीठ पुढं ओढलं. "आता तुमी उद्या जाऊन सांगणार, मी पैसं घेत होतो. मग माझा भाऊ कशापायी गेला?"

गोठ्यात कावेरी हंबरली. तिला वैरण टाकायची राहिली होती. मल्लप्पा तिकडं गेला, कडब्याच्या चार पेंढ्या उरल्या होत्या त्यातली एक सोडून टाकली. परत आला तेव्हा काशम्मानं ताट वाढून ठेवलं होतं.

"सांगा जावा," ती म्हणाली. "ढोरं उपाशी मेल्यावर त्या नावाचं काय लोणचं घालायचंय?"

सुनावणीला शाळेचा मोठा वर्ग गच्च भरला होता. टेबलामागं वरून आलेले साहेब, शेजारी वनश्वासचा नंदीश. हा तिशी-पस्तिशीचा, स्वच्छ दाढी ठेवलेला माणूस, आल्या आल्या त्यानं म्हाताऱ्यांना कन्नडात "हेंगिद्दीरी अज्जा?" असं विचारून सगळ्यांची ख्यालीखुशाली घेतली होती. अंकिता कोपऱ्यात टॅब घेऊन बसली होती. मल्लप्पाकडं बघून ती हसली नाही. तिचा चेहरा ताप आल्यासारखा दिसत होता.

लोक एकेक करून बोलले. आमची ढोरं चरतात साहेब. माळ गेला तर आमी कुटं जाणार? साहेब मान हलवत होते, वाईट माणूस वाटत नव्हते. मग त्यांनी व्हिडिओ लावायला सांगितला. मल्लप्पाचा आवाज वर्गात घुमला. 'हितं एक खूर पडत न्हाय!'

"हे तुम्हीच ना?" साहेबांनी विचारलं.

मल्लप्पा उभा राहिला. त्यानं बाक धरला. काशम्मा दारात बायकांमध्ये होती. तिच्याकडं त्यानं बघितलं नाही. "मीच," तो म्हणाला. "पर मी खोटं बोललो."

बाकांवरची माणसं वळून त्याच्याकडं बघायला लागली.

"माळ कधीच बांधलेला नसतो साहेब. नुसता डहाळा लावतो, देखाव्याला. ढोरं पावसाळ्यात बी आत असतात. मी... मी पैसं घेतो आणि सोडतो. जो देईल त्याला सोडतो. एकतीस वर्सं. म्याडमपुढं फुशारकी मारली, बाकी काय न्हाय."

तेवढ्यात मागून कोंडीबा उठला. "व्हय साहेब," तो ठणकावून म्हणाला. "मी देत होतो. दर पावसाळ्याला देतो. माझी शंभर मेंढरं आषाढ-श्रावणात तितंच असतात."

कोंडीबानं आयुष्यात कुणाला फुटकी कवडी दिली नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मल्लप्पानं वळून त्याच्याकडं बघितलं. दोन म्हाताऱ्यांची नजर क्षणभर एक झाली आणि मल्लप्पाला वाटलं, माळ वाचला.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. समोरच्या छापील कागदाचं पान उलटलं. "म्हणजे अनियंत्रित चराई," ते म्हणाले. "पावसाळ्यात, गवतानं बी धरायच्या आधी. आणि तीसएक वर्षं." त्यांनी नंदीशकडं बघितलं. "अशी जमीन कशात बसते?"

"ऱ्हास झालेली जमीन, सर," नंदीश म्हणाला. आवाज दुःखी होता, पण उत्तर तयार होतं. "तिला तर प्राधान्य आहे. पडीक असेल तर लागवडीला पात्र. अतिचराईनं बिघडलेली असेल तर ताबडतोब कुंपण."

"म्हणजे दोन्हीकडून तेच," साहेब स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले आणि लिहायला लागले.

"न्हाय साहेब," मल्लप्पा म्हणाला. "न्हाय, ऐका. मी आत्ता खोटं बोललो. आधीचं खरं होतं. पाडव्याला आमी सोडतो, म्हाताऱ्या गाईला पुढं घालून..."

"बाबा," साहेब थकून म्हणाले, "मी तुमचं कोणतं लिहू?"

कोपऱ्यातून अंकिता उठली. "सर, पाडव्याचं मी वहीत लिहिलंय. माझ्या अहवालातही टाकलं होतं." नंदीशनं तिच्याकडं शांतपणे बघितलं आणि म्हणाला, "अंकिता, फॉर्ममध्ये तो रकाना नाही." तिनं वही मिटली आणि ती बसली.

मागच्या बाकावरून आवाज आला. "मल्लाप्पा! माझी कालवड कोंडवाड्यात घातलीस तवा कुणाचं खाल्लं होतंस रं?" कुणीतरी हसलं. मग दुसरा, मग तिसरा. ज्याची ज्याची जनावरं एकतीस वर्षांत त्यानं धरली होती, त्या प्रत्येकाला आपला दिवस आठवला. मल्लप्पा दाराकडं वळला, तर बायकांच्या घोळक्यात काशम्मा नव्हती.

कुंपण आठ दिवसांत झालं. श्रीशैलचे दोन्ही जेसीबी दिवसभर चालत होते आणि खड्ड्यांच्या ओळी दगडापर्यंत येऊन पोचल्या. लवकर कुजावं म्हणून कमरेएवढं गवत, बी धरलेलं, यंत्रानं कापून खड्ड्यांत दाबलं. कोंडीबाला बेकायदा चराईची नोटीस आली, त्यानंच कबूल केलं होतं ना. त्यानं निम्मी मेंढरं टेंभुर्णीच्या पिकअपमध्ये चढवली आणि उरलेली घेऊन तो कर्नाटकात उतरला. जायच्या आधी मल्लप्पाच्या दारासमोर थांबला. खाकरला फक्त.

पाडव्याचा मुहूर्त श्रीशैलनं लागवडीच्या शुभारंभासाठी धरला. चांगला दिवस आहे म्हणाला. मांडव घातला, फाटकाला झेंडूच्या माळा लावल्या. फाटक त्या उभ्या दगडाच्या चार पावलं पुढं होतं. दगड बाहेरच राहिला होता, त्यावर वाळका डहाळा तसाच. फाटकावर पाटी होती: चराईस सक्त मनाई. खाली छोट्या अक्षरांत: राखणदार नेमणे आहे.

मल्लप्पा त्या पाटीपुढं उभा होता तेव्हा श्रीशैल आला.

"मामा, मी तुमचंच नाव दिलं होतं," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "म्हटलं, यांच्यासारखा राखणदार पंचक्रोशीत न्हाय. पर त्यांच्याकडं तुमचं लेखी हाय, पैसं घेऊन सोडता म्हणून. ते म्हणाले, असला माणूस नको."

भोंग्यावर गाणं लागलं होतं, मांडवात कुणीतरी माईक ठोकून बघत होतं. इतक्यात गावाकडून घंटांचा आवाज आला. कुणी हाकललं नव्हतं. पाडव्याला सकाळी दावी सोडायची ही गावाची सवय, आणि दावी सुटली की कुठं जायचं ही ढोरांची. शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा घातलेली ढोरं धुळीतून येत होती. विकून उरली होती तेवढी. पुढं कावेरी.

ती दगडापाशी येऊन थांबली, नेहमीसारखी. मागची सगळी तिच्या मागं थांबली. डहाळा काढल्याशिवाय पुढं जायचं नाही हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं; वर्षानुवर्षं बघून बघून ती शिकली होती. कावेरीनं मान वळवून मल्लप्पाकडं बघितलं.

मांडवातली माणसं बघायला लागली. घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "काढ की मल्लाप्पा! आज कुणाकडनं घेतलंस?"

मल्लप्पानं हात वर केला आणि डहाळा सोडला. पानं हातातच चुरा झाली. कावेरी चार पावलं पुढं गेली आणि तिचं कपाळ तारेला लागलं. ती मागं सरली नाही. थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग पुढचे पाय दुमडून फाटकासमोर खाली बसली. मागची ढोरंही एकेक करून बसायला लागली.

"मामा, उठवा त्यांना," श्रीशैल म्हणाला. "पावणे यायच्या टायमाला..."

मल्लप्पानं काठी उचलली. एकतीस वर्षं ज्या काठीनं त्यानं माळावरून जनावरं हाकलली होती तीच. त्यानं ती कावेरीच्या पाठीवर टेकवली, आणि त्याच्यानं पुढं काही होईना.